अकरा ओळी

ताईचा सकाळचा एक नेम होता. ऑफिसात कोणी यायच्या आत ती यायची, खिडकी उघडायची, टेबलावरून फडकं फिरवायची आणि चहासुद्धा न घेता एक जुनी तक्रार काढून बसायची. जुनी म्हणजे मिटलेली, निकाल लागून फाईलबंद झालेली. ती पुन्हा पहिल्यापासून चालवून बघायची, निकाल आजही तोच येतो ना याची खात्री करायची, वहीत तारखेपुढे तिचा क्रमांक लिहायचा आणि मगच दिवसाच्या कामाला हात घालायचा. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणी विचारतही नव्हतं. सात वर्षांत तापाचे चार दिवस सोडले तर नेम मोडला नव्हता. रोज एक म्हणत म्हणत सगळ्या तक्रारींची एक फेरी व्हायला तीन वर्षं लागायची. अशा दोन फेऱ्या झाल्या होत्या, तिसरी चालू होती.

फक्त एक क्रमांक ती गाळायची. तीनशे बारा.

घरात ती एकीचीच ताई होती, ऑफिसात मात्र सगळ्यांची. काम कंपायलर तपासायचं. माणूस प्रोग्राम लिहितो तो माणसाला वाचता येईल असा, आणि कंपायलर तो यंत्राला कळेल असा करून देतो. देता देता तो त्यावरून बरेचदा हात फिरवतो, इथलं तिथे करतो, फालतू वाटेल ते काढतो, म्हणजे प्रोग्राम भराभर चालावा. अशा एकेका हाताला तिथे पास म्हणत. ताईच्या वाट्याला लूपचे पास आले होते. लूप म्हणजे तेच काम ठरल्या वेळा पुन्हा पुन्हा करायची सूचना. शंभर वेळा करायचं काम एकेक न करता चार-चारच्या घासांनी पंचवीस वेळांत उरकायचं, असा त्यातला एक पास. यात वेळ खूप वाचतो. पण कामं चाराच्या पटीत नसली तर शेवटी एकदोन उरतात, आणि ती आठवणीने वेगळी उरकावी लागतात. ताई बघायची ते एवढंच, की हात फिरवण्याआधी जे उत्तर येत होतं तेच नंतरही येतं का.

"वेग किती वाढला ते तुम्ही बघा," ती पास लिहिणाऱ्यांना सांगायची. "खरं तेवढं खरं राहिलं का, ते मी बघते."

पास लिहिणाऱ्यांत एक होता, त्याला सगळे लांब्या म्हणत. दारातून येताना वाकायची इतकी सवय झालेली की मैदानातही तो मान घालून चालायचा. चार-चारच्या घासांचा तो जुना पास त्याने यंदा नव्याने लिहायला घेतला होता, आणि त्या दिवशी ताईकडून तो तपासून घ्यायचा म्हणून बिचारा सकाळीच येऊन बसला होता. ताईचा नेम होईपर्यंत गप्प बसायचं, एवढी शिस्त त्याला होती. पण डोळे तर उघडे होते. काल वहीत तीनशे अकरा लिहिलेलं त्याला दिसलं, आणि आज ताईने उघडली तीनशे तेरा.

"ताई, पाढ्यातला मधला आकडा उडाला," तो म्हणाला.

ताईने मान वर न करता सांगितलं की तीनशे बारा तिच्या घरातली आहे, तिला ती हात लावत नाही. लावला तर तो पक्षपात होईल.

लांब्याने चहाचा कप खाली ठेवला. "घरातलं आहे म्हणून सूट दिली तर पक्षपात, हे कळतं मला. घरातलं आहे म्हणून बघायचंच नाही, याला काय म्हणायचं? आमची आजी अशाने सुनेला जेवलीस का विचारायची नाही. म्हणे लाड होतील."

तो हसला. ताईही हसली असती, पण तिचा हात माउसवरच राहिला.

तीनशे बारा ही तिच्या धाकटीची तक्रार होती. सात वर्षांपूर्वीची.

धाकटी तेव्हा मागांच्या एका कारखान्यात प्रोग्राम लिहायची. कोणत्या ओळीला कोणते धागे उचलायचे हे मागाला सांगणारा प्रोग्राम. तिने पानांची एक नक्षी बसवली होती, तीस ओळींची. कापडावर उमटायच्या अठ्ठावीसच. प्रत्येक पानाचं टोक गायब, कोणी नखाने खुडून घेतल्यासारखं. पंधरा दिवस तिने स्वतःचा प्रोग्राम खालीवर केला आणि शेवटी ताईच्या ऑफिसकडे रीतसर तक्रार पाठवली. फोनवर म्हणाली होती, "ताई, कागद घेऊन हाताने मोजलंय मी. चूक तुमच्या घरची आहे."

साहेबांनी तेव्हा हळूच विचारलं होतं, ही दुसऱ्या कोणाला देऊ का. ती सोडून द्यायला तेवढा एक क्षण होता. ताई म्हणाली, समोर बहीण असली तरी माझा काटा हलायचा नाही. आणि खरंच हलला नाही. इतका हलला नाही की गंजलेलाच म्हणावा.

प्रोग्राम चार हजार ओळींचा. एवढा कोणी वाचत बसत नाही, तिथली रीतच नव्हती. असा प्रोग्राम कापणीला लावायचा. कापणी म्हणजे एक साधं, चिकट काम करणारं यंत्र. ते एक ओळ काढून टाकतं आणि बघतं, अजूनही पाससकट आणि पासविना दोन वेगळी उत्तरं येतात का. येत असतील तर ती ओळ बिनकामाची म्हणून कायमची बाद. येत नसतील तर परत जागेवर. असं करत करत सगळा पाला झडतो आणि दोष तेवढा काडीसारखा उरतो. धाकटीच्या चार हजार ओळींच्या उरल्या अकरा.

ताईने त्या अकरा ओळी वाचल्या. दोष आंधळ्यालाही दिसावा असा होता. ओळी मोजायला एक खाना ठेवलेला, आणि त्यात सुरुवातीला काही घातलेलंच नाही. रिकाम्या म्हणून घेतलेल्या डब्यात आधीचं काय पडलंय कोण जाणे, आणि त्याच्यावर मोजणी चालू. अशा प्रोग्रामचं उत्तर आज एक, उद्या दुसरं. त्यात कंपायलरचा काय दोष. तिने निकाल लिहिला: चूक प्रोग्रामची, कंपायलर निर्दोष. खाली सही. इतर तक्रारींना आठवडा लागायचा, ही एका दिवसात मिटली. पुढच्या बैठकीत साहेबांनी सगळ्यांदेखत सांगितलं की तपासणी अशी हवी, सख्ख्या बहिणीलाही सोडलं नाही. आणि ते ऐकताना आपल्याला गोड वाटलं होतं, हे ताईला आज, सात वर्षांनी, लांब्यासमोर बसल्या बसल्या स्वच्छ आठवलं.

निकालाचा कागद कारखान्याच्या मालकाने वाचला. ज्या मुलीला मोजायच्या खान्यात शून्य घालायचं कळत नाही, तिच्या हाती माग कसे द्यायचे, असं तो म्हणाला म्हणे. वाईट माणूस नव्हता. काढून टाकलं नाही, कापड तपासायच्या टेबलावर बसवलं.

बहिणींचं बोलणं तुटलं नाही. तुटलं असतं तर निदान गाठ मारायला टोक तरी सापडलं असतं. वाढदिवस झाले, आईचं आजारपण झालं, ती बरी झाल्यावर दोघींनी मिळून तिचं कपाट आवरलं. फक्त कामाचं कोणी काढत नसे. ताई आपल्या मनाला सांगायची, तिने मनाला लावून घेतलं नाही, समजूतदार आहे.

"उघडा की," लांब्या म्हणाला. त्याच्या आवाजातली थट्टा गेली होती. "नाहीतरी माझा नवा पास तपासायचाच आहे. त्यालाच लावून बघू."

ताईने तीनशे बारा उघडली. आत दोन कप्पे होते. एकात त्या अकरा ओळी, तिच्या निकालासह. दुसऱ्यात मूळ प्रोग्राम, आला तसा. तो कप्पा उघडल्याची नोंद कुठेच नव्हती. कापणीच्या यंत्राने उचलला तेवढाच.

तिने आधी जुना कंपायलर लावला, सात वर्षांपूर्वीचा, सगळे पास बंद करून. तीस ओळी आल्या. मग पास चालू केले. अठ्ठावीस. मग एकेक पास बंद करत गेली, आणि चार-चारच्या घासांचा पास बंद केल्याबरोबर दोन ओळी परत आल्या. अठ्ठावीस म्हणजे सात घास. उरलेल्या दोन ओळी वेगळ्या उरकायच्या, पण एका विशिष्ट वळणाचा लूप आला की जुना पास त्या सोडूनच द्यायचा. पानांची टोकं.

"पण मोजायचा खाना," ती म्हणाली. "त्यात सुरुवातीला काही नव्हतं. मी पाहिलं होतं."

लांब्याने मूळ प्रोग्रामात त्या खान्याचं नाव शोधलं. बाराशे सोळावी ओळ. तिथे खान्यात शून्य घातलेलं होतं, आणि पुढे धाकटीने वाचणाऱ्यासाठी एक टीप लिहिली होती, प्रोग्राम लिहिणारे लिहितात तशी.

ताई म्हणते, आधी शून्य घाल, मग मोज.

लांब्याने ते वाचलं आणि तो उगाच खिडकीकडे बघू लागला.

काय झालं होतं ते त्यानेच हलक्या आवाजात मांडलं, ताईला कळलं नव्हतं म्हणून नव्हे, खोलीत काहीतरी आवाज हवा म्हणून. यंत्राला फक्त दोन उत्तरं वेगळी आली म्हणजे पुरे होतं. कापता कापता त्याने बाराशे सोळावी ओळ काढली. त्याबरोबर खान्यात कचरा आला, आणि कचऱ्यामुळेही उत्तरं वेगळी येऊ लागली. यंत्राच्या लेखी वेगळी ती वेगळीच. मग खरा दोष असलेला लूप त्याने पाला समजून कापून टाकला, आणि स्वतःच केलेला दोष जपून ठेवला. ताईने वाचला तो दोष धाकटीचा नव्हताच. तो यंत्राने घातलेला होता.

"आता असं होत नाही," तो म्हणाला. "आता कापणी अशी ओळ काढायला गेली तर थांबते. ते तर तुम्हीच..."

तीन वर्षांपूर्वी अशीच एक कापणी दुसऱ्याच्या तक्रारीत फसली होती, आणि यंत्राला तो लगाम ताईनेच घालायला लावला होता. तेव्हा जुन्या कापण्या पुन्हा बघाव्यात, असं तिनेच सुचवलं होतं आणि बघितल्याही होत्या. एक गाळून.

लांब्याचा नवा पास लावला तर तीसच्या तीस ओळी आल्या. त्याने दोष शोधून काढला नव्हता. नव्याने लिहिताना तो आपोआप सुटला होता.

साहेब दहाला आले. ताईने सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, कारण माणूस तसा सज्जन. म्हणाले, सात वर्षांपूर्वीचं आहे, तो पास तर आता जाणारच, दोष आपसूक मिटला. मिटलेली तक्रार कशाला उकरायची. ताई म्हणाली, मिटली नव्हती, झाकली होती. मग साहेब म्हणाले, बरं, लिहा, पण असं लिहा की तपासताना काही त्रुटी राहिली.

ताईने लिहिलं: निकाल चुकीचा होता. दोष कंपायलरचा. तपासणारीने मूळ प्रोग्राम वाचला नव्हता. खाली नाव आणि सही. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि पुढे पाठवलं.

त्याची एक प्रत घेऊन ती दुपारी कारखान्यात गेली. इतक्या वर्षांत तिने तिथे पाऊल टाकलं नव्हतं. मागांच्या खोलीतून जाताना कानठळ्या बसत होत्या. पलीकडे काचेचं दार, आणि दार लोटलं की एकदम कानात कापूस घातल्यासारखी शांतता. लांबच लांब टेबल, त्याची वरची बाजू काचेची, काचेखाली दिवे. कापड त्यावरून हळूहळू सरकत होतं आणि धाकटी दोन्ही तळवे पालथे ठेवून उभी होती. डोळ्यांनी बघत होती की हातांनी, सांगणं कठीण. मध्येच थांबून तिने खडूने एक छोटी खूण केली. चष्मा लागला होता तिला. हे ताईला माहीत होतं, पण काचेखालच्या उजेडात तो चष्मा वेगळा दिसला.

"आई बरी आहे ना?" धाकटीने पहिलं हेच विचारलं.

ताईने कागद पुढे केला. धाकटीने हात पुसले, कागद घेतला, उजेडावर धरल्यासारखा काचेवर ठेवून वाचला. मग नीट घडी घालून परत दिला.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

मग तिने जे सांगितलं ते अगदी सहज, कापड थांबवून, मध्ये एकदा चष्मा काढून पुसत. निकाल आल्यावर महिन्याभरात तिला दोष सापडला होता. नक्षीला दोन कोऱ्या ओळी जोडून बत्तीस केल्या की टोकं शाबूत येतात, हे तिने टेबलावर बसल्या बसल्या ताडलं. तिच्या जागी आलेल्याला तिने सांगितलं की नक्षी नेहमी चाराच्या पटीत ठेव. त्याने पुढच्याला सांगितलं. आता त्या कारखान्यात तो नियमच झालाय. सगळ्या नक्ष्या चाराच्या पटीत. का, ते कोणालाच माहीत नाही. नवीन माणसाने विचारलं तर सांगतात, माग मानत नाही.

"मग मला का नाही बोललीस?"

"काय बोलायचं? तुझ्या सहीचा कागद होता. तुझे साहेब त्याचं उदाहरण देतात असं तूच आईला फोनवर सांगत होतीस. मी खोटा पाडायचा होता? आणि खरं सांगू? वाटायचं, ताईचा नेम आहे. रोज एक जुनी बघते. आज ना उद्या माझी येईल."

टेबलाशी एक उंच स्टूल होतं, त्याच्या कडेला ताई टेकली. तीनशे बारा याआधी दोनदा समोर आली होती, हे सांगायचं धैर्य तिला लवकर झालं नाही. झालं तेव्हा तिने सांगितलं. दोन्ही वेळा मी पान उलटलं, म्हणाली. धाकटीने मान हलवली, जणू कोणी तिला बसची वेळ सांगितली होती.

मग ताई घाईघाईने बोलू लागली. मालकाला मी स्वतः भेटते, हा कागद दाखवते, तुला तुझी जागा परत द्यायला सांगते. धाकटीने तिला बोलू दिलं. संपल्यावर म्हणाली की मालक आता म्हातारा झालाय, त्याला आठवणारही नाही. आणि मागांचा प्रोग्राम या सात वर्षांत दोनदा बदलला. "मला आता तो वाचताही येत नाही, ताई. हात राहिला नाही माझा. हे येतं." तिने तळवा कापडावर ठेवला. "यात मी चांगली आहे. पण हे काही मी निवडलं नव्हतं."

बाहेर पाळी बदलली. दार उघडझाप होताना मागांचा आवाज आत यायचा आणि तुटायचा. ताई म्हणाली, माझं चुकलं. एवढेच दोन शब्द, आणि ते बोलून झाल्यावर तिला वाटलं की हे सुद्धा कापणीला लावल्यासारखंच उरलंय, एवढंसं.

धाकटीने कापड पुन्हा चालू केलं. डोळे खाली घालून तिने विचारलं, "मला एकच जाणून घ्यायचं होतं तेव्हापासून. माझा प्रोग्राम तू वाचला होतास का?"

"नाही. अकरा ओळी वाचल्या."

"मी चार हजार लिहिल्या होत्या."

"हो."

"आणि आज?"

"बाराशे सोळाव्या ओळीपाशी गेले होते. तिथून पुढे नाही."

धाकटीच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. हसू म्हणावं तर म्हणावं. "मग बराच राहिलाय," ती म्हणाली आणि खडू उचलला.

दुसऱ्या दिवशी ताई नेहमीच्या वेळी आली, खिडकी उघडली, टेबल पुसलं आणि तीनशे बारा काढून पहिली ओळ वाचायला बसली. दिवसाला शंभर ओळी, त्याहून जास्त नाही, कारण त्याहून जास्त वाचल्या की नजर नुसती घसरते. लांब्या आला तर पाय न वाजवता जायचा. चाळीस दिवस लागले.

चाळीस दिवसांत तिला जे कळलं ते तिने कोणाला सांगितलं नाही. धाकटीने प्रत्येक लूपच्या वर दोन शब्द लिहिले होते, हा कशासाठी, कुठे थांबतो. कुठे घाई नव्हती, कुठे टिमकी नव्हती. पानाच्या नक्षीचा भाग तर इतका नेटका होता, की ताईने तो तीनदा वाचला, आणि तिसऱ्यांदा तपासणारी म्हणून वाचलाच नाही. असं लिहिणारं माणूस तिच्या ऑफिसात आज एकही नव्हतं. लांब्याही नाही. इतकी वर्षं ती चांगले हात मिळत नाहीत म्हणून कुरकुरत आली होती.

चाळिसाव्या सकाळी शेवटची ओळ झाली. तिने वही उघडली आणि तारखेपुढे तीनशे बारा लिहिलं, सात वर्षांत पहिल्यांदा. निकालाच्या जागी तिने लिहिलं, मूळ वाचला.

धाकटीला सांगावं म्हणून फोन लावला. घंटी वाजत राहिली. तिची पाळी सुरू झाली असणार. टेबलावर असताना ती फोन घेत नाही, दोन्ही हात कापडावर असतात.